धायटीचे बी पुरायचे नसते

सांगलीच्या विश्रामबागेतून आलेल्या आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. मार्च महिन्यात साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वरच्या घाटात तांबड्या फुलांनी लगडलेले एक झुडूप आपण पाहिले. ते धायटी आहे असे बरोबरच्या गृहस्थांनी सांगितले. आपण सुकलेल्या फुलांचा मूठभर चुरा घरी आणला, गच्चीवरच्या कुंडीत काळ्या मातीत अर्धा इंच खोल पेरला, दोन महिने रोज झारीने पाणी घातले आणि गवताखेरीज काहीच उगवले नाही. बी खराब होते का, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत हे झुडूप मुळात येईल का, असे आपण विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो: येईल, आणि चांगले येईल. पहिल्याचे उत्तर मात्र लांबणार आहे, कारण आपण पेरलेत ते बहुतांशी बी नव्हतेच, त्यात जे थोडेफार बी असेल ते बहुधा पिकलेले नव्हते, आणि जे चुकून पिकलेले असेल ते उगवूच शकणार नाही अशा जागी आपण ठेवलेत. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. साताऱ्यात स्थानिक झाडाझुडपांची रोपे करण्याचे काम मी २२ वर्षे करतो आहे आणि यांतली प्रत्येक चूक माझ्या वहीत तारखेसकट नोंदलेली आहे.

आधी आपण पाहिलेले झुडूप धायटीच होते ना, याची खात्री करून घ्यावी, कारण या नावाचे घोटाळे फार होतात. मराठीत धायटी, संस्कृतात धातकी आणि वनस्पतिशास्त्रात वुडफोर्डिया फ्रुटिकोसा असे ज्याला म्हणतात ते हे झुडूप. लिनियसने त्याला लिथ्रम या दुसऱ्याच प्रजातीत घातले होते. आजचे नाव कुर्झ या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७१ साली दिले. ज्याचा डिंक आपण बाळंतिणीच्या लाडवांत घालतो तो धावडा वेगळा. तो मोठा वृक्ष आहे, पण नावाच्या सारखेपणामुळे धायटी मागितली की धावड्याचे रोप हातात पडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मला स्वतःला एका रोपवाटिकेने धायटी म्हणून हमेलिया ही बागेतली शोभेची वनस्पती दिली होती आणि ती मी वर्षभर कौतुकाने वाढवली. हमेलियाची फुलेही तांबडी आणि नळीसारखीच असतात, परंतु तिची पाने बहुधा एका पेरावर तीन-तीन येतात आणि फुलांनंतर रसाळ, काळपट फळे धरतात. धायटीचे पान भाल्याच्या पात्यासारखे लांबट, जवळजवळ बिनदेठाचे आणि बहुधा समोरासमोर असते. ते उलटे करून उजेडात धरले की मागची बाजू पांढुरकी दिसते आणि तिच्यावर टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतात. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की पुन्हा फसगत होत नाही.

ज्या कुळात मेंदी आणि आपले राज्यपुष्प ताम्हण येते, त्याच कुळात धायटी मोडते, आणि अलीकडे डाळिंबही त्याच कुळात धरतात. आटपाडीच्या डाळिंबाची ही रानातली चुलत बहीण आहे म्हणा. डाळिंबाच्या फुलाचा जाड तांबडा पेला डोळ्यांसमोर आणला तर धायटीच्या फुलाची रचना लवकर कळते. आपण जिला फूल म्हणतो ती सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांबीची तांबडी नळी म्हणजे पाकळ्या नव्हेतच, तर निदलपुंज, म्हणजे फुलाचे बाहेरचे वेष्टन आहे. खऱ्या पाकळ्या सहा असतात, पण त्या इतक्या नाजूक असतात की शोधाव्या लागतात. नळीच्या तोंडातून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात आणि तळाशी मध साठतो. रानात फिरणारी मुले फूल खुडून देठाकडून चोखतात ते त्यासाठी, आणि शिंजीर पक्षी दिवसभर त्या झुडपाला सोडत नाहीत तेही त्यासाठीच.

आपल्या अपयशाचे मूळ याच नळीत आहे. फलधारणा झाल्यावर ती गळून पडत नाही. झाडावरच राहते, फिकी पडते, कागदासारखी सुकते आणि तिच्या पोटात एक लहान लांबट बोंड हळूहळू पिकते. मार्चमध्ये आपण तोडलेली सुकट फुले वरून तपकिरी दिसत असली तरी आतले बोंड बहुधा हिरवेच असणार. आमच्याकडे ते एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात तयार होते. पारख अशी करावी: एक सुकलेली नळी दोन बोटांत धरून चोळावी. बोंड दबले, ओलसर लागले आणि आतून पांढुरके चिकट कण निघाले तर ते कच्चे समजावे. पिकलेले बोंड किंचित कुरकुरत फुटते आणि बोटांच्या रेषांमध्ये तपकिरी, गुळगुळीत भुकटी अडकून राहते. तपकिरीच्या डबीत बोट घालून बाहेर काढावे तसे बोट दिसते. ती भुकटी म्हणजे बी. एक दाणा मिलिमीटरहून मोठा नसतो आणि ग्रॅमभरात असे हजारो दाणे मावतात.

हे बी वाऱ्यावर जाते, म्हणून उन्हे चढण्याआधी, वारा पडलेला असताना गोळा करावे. फांदी वाकवून तिच्याखाली कागदी पिशवी धरावी आणि सुकलेले झुबके हलकेच आत खुडून घ्यावेत. एकाच झुडपाचे सगळे ओरबाडू नये; चार-पाच झुडपांची मिळून एक मूठ पुरेशी होते आणि रोपांत विविधताही राहते. घरी ही बोंडे वर्तमानपत्रावर दोन-तीन दिवस सावलीत वाळवावीत, मग चुरगाळून आधी चहाच्या गाळणीतून आणि नंतर विरळ विणीच्या मलमलीतून चाळावीत. वर राहतो तो भुसा. आपल्या कुंडीत गेला तो बहुतांशी हाच होता. खाली पडते ते बी. हे काम करताना पंखा बंद ठेवावा, असे मी घरच्यांना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी तो लावतेच.

बी कुठून घ्यावे हेही स्पष्ट सांगतो. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे, आणि आपल्या जिल्ह्यातले सागरेश्वर, जे धों. म. मोहिते यांच्या चिकाटीने उघड्या माळावर उभे राहिले, ते १९८५ पासून अभयारण्य आहे. अशा संरक्षित जागेतून पानही तोडू नये. अभयारण्यातून काही उचलून आणणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग ठरतो. धायटी काही दुर्मीळ नाही. डोंगरउतारावरच्या खासगी पडीक रानात, घाटरस्त्याखालच्या मालकीच्या बांधांवर ती भरपूर असते. मालकाला विचारले तर नाही म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही. झुडूप मुळासकट उपटून आणण्याचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. त्याचे मूळ खडकाच्या भेगेत शिरलेले असते, ते तुटते, आणि आणलेले झाड पंधरवड्यात वाळते.

पुष्कळ जण काष्ठौषधीच्या दुकानातून धायटीची फुले आणून पेरतात. आसवे आणि अरिष्टे ही आयुर्वेदातली पातळ औषधे आंबवण्यासाठी ही फुले फार पूर्वीपासून वापरतात, कारण फुलांबरोबर किण्व (यीस्ट) आणि मध दोन्ही येतात. त्यामुळे ती अशा दुकानांत सहज मिळतात. पण औषधासाठी फूल फुललेले असतानाच तोडलेले असते. त्यात पिकलेले बी सापडण्याची आशा धरू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एवढ्या बारीक बियांच्या पोटात शिदोरी जवळजवळ नसतेच. हरभऱ्याचा दाणा दोन इंच खोल टाकला तरी स्वतःच्या डाळिंब्यांच्या जोरावर वर येतो. धायटीच्या दाण्याला तसा आधार नाही. अंकुर फुटला की लगेच उजेड मिळून त्याला स्वतःचे अन्न करता आले पाहिजे. अर्धा इंच म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर. मिलिमीटरहूनही लहान दाण्यासाठी ती विहिरीची खोली झाली. हे बी पुरायचे नसते, पसरायचे असते.

हे मी पुस्तकातून नव्हे, फजितीतून शिकलो. सुरुवातीच्या एका वर्षी मोठ्या हौसेने मी डिसेंबरात पेरणी केली, वर बोटभर उत्तम शेणखत चाळून घातले आणि ट्रे ओसरीवर ठेवला. साताऱ्यात त्या दिवसांत रात्रीचा पारा १२-१३ अंशांवर येतो. सहा-सात आठवडे काहीही उगवले नाही, तेव्हा वैतागून तो ट्रे मी परड्यातल्या जुन्या दगडी बांधावर झटकून टाकला आणि विसरून गेलो. पुढच्या ऑगस्टमध्ये बांधावरचे गवत काढताना दगडांच्या सांध्यांत बोटभर उंचीची अकरा रोपे दिसली. सगळी उत्तरेच्या अंगाला होती, जिथे शेवाळ धरले होते. वरच्या मातीत एकही नव्हते. पाने उलटून काळे ठिपके पाहिले तेव्हा कुठे विश्वास बसला. त्या सांध्यांमध्ये खत नव्हते, खोली नव्हती आणि साचलेले पाणीही नव्हते. सतत दमट असलेला दगड होता, उजेड होता आणि जूनची ऊब होती. तेव्हापासून मी पेरणी करतो ती त्या सांध्याची नक्कल म्हणून.

पेरणीसाठी मिठाईचा झाकणासह पारदर्शक डबा घ्यावा, चार बोटे खोलीचा, आणि तापवलेल्या दाभणाने तळाला दहा-बारा भोके पाडावीत. मिश्रणात दोन भाग चाळलेला तांबडा मुरूम, एक भाग विटांचा चुरा किंवा धुतलेली क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि एक भाग दीड-दोन वर्षे कुजलेले पालापाचोळ्याचे खत असावे. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरायचे असेल तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावे, कारण त्यात बऱ्याचदा क्षार असतात. शेणखत या टप्प्यावर नको, आणि आपल्या भागात साखर कारखान्यांची प्रेसमड (उसाचा रस गाळताना उरणारी मळी) फुकट किंवा स्वस्तात मिळते म्हणून तीही घालू नये. न कुजलेली प्रेसमड तापते आणि कोवळी मुळे जाळते. तळाशी मिश्रणाचा जाडसर भाग भरावा आणि वरचा अर्धा सेंटीमीटर थर मैद्याच्या चाळणीतून काढलेला असावा. मग डब्यावर उकळते पाणी सावकाश ओतावे, इतके की खालून वाफाळते पाणी बाहेर पडेल, आणि झाकण लावून रात्रभर निवू द्यावे. गवताचे बी, शेवाळ, बुरशी, चिलटांची अंडी असे पुष्कळसे त्यात मरते. सकाळी मिश्रण पूर्ण गार झाल्यावर कृषी सेवा केंद्रात मिळणारी ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची भुकटी चिमूटभर पाण्यात कालवून शिंपडली तर उत्तम. सांगलीकर मंडळी त्याऐवजी हळद भुरभुरतात. हळदीबद्दल मला आदर आहे, परंतु बुरशीने रोपे देठाशी कोलमडतात त्यावर तिचा उपयोग झालेला माझ्या पाहण्यात नाही.

चिमूटभर बी दोन चमचे कोरड्या बारीक वाळूत मिसळावे, म्हणजे ते कुठे पडले ते दिसते आणि एका जागी साठत नाही. जुनी लग्नपत्रिका मधोमध दुमडून तिच्या घडीत हे मिश्रण घ्यावे आणि पत्रिकेवर बोटाने टिचक्या मारत अर्धे बी डब्याच्या लांबीने आणि अर्धे रुंदीने टाकावे. त्यावर माती घालू नये, खत घालू नये, वाळूचा थरही घालू नये. सपाट बुडाच्या वाटीने पृष्ठभाग अलगद दाबावा, एवढेच. दाणा ओल्या मातीला चिकटला पाहिजे, तिच्याखाली गेला नाही पाहिजे.

पाणी वरून द्यायचे नाही. झारीच्या पहिल्याच धारेने हे बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते आणि मग तिथे दाट रोपे येऊन एका रात्रीत आडवी होतात. परातीत बोटभर पाणी घेऊन डबा त्यात ठेवावा. खालच्या भोकांतून पाणी चढत जाते, आणि पृष्ठभागाचा रंग गडद झाला की डबा उचलून निथळायला ठेवावा. झाकण लावलेल्या डब्याला असे पाणी आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा लागते. पाणी कोणते, हा सांगलीकडे कळीचा प्रश्न आहे. ज्या बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर धरतो, ते या कामाला वापरू नये. क्षार वर चढत राहतात आणि पृष्ठभागावर, म्हणजे नेमके बी असते तिथे, साचतात. पावसाचे पाणी सर्वांत चांगले. ते नसेल तर नदीवरून येणारे नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून वापरावे. घरच्या फिल्टरचे शुद्ध पाणी चालते, मात्र त्याच यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी चुकूनही नको, कारण त्यात क्षार अधिक असतात.

डबा पूर्वेच्या खिडकीत किंवा गच्चीच्या जिन्यात, भरपूर उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवावा. झाकणबंद डब्यावर मे महिन्याचे ऊन अर्धा तास पडले तरी आतली रोपे शिजतात. दिवसातून एकदा झाकण उघडून आतली हवा बदलावी आणि झाकणावरचे थेंब पुसून टाकावेत. २५ ते ३२ अंशांच्या हवेत माझ्याकडे दहाव्या-बाराव्या दिवसापासून उगवण सुरू होते आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत बरीचशी संपते.

उगवण सुरू झाली हे प्रथम कळतच नाही. पृष्ठभागावर हिरवट झाक येते आणि शेवाळ धरले असे वाटून हौशी माणसे डबा ओतून देतात. घड्याळजीचे भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहावे. शेवाळ सलग पसरते, तर धायटीचे रोप म्हणजे केसाएवढ्या देठावर समोरासमोर बसलेले दोन गोलसर हिरवे ठिपके असतात, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. त्यांच्याकडे दोन आठवडे केवळ पाहत राहावे लागते, कारण या काळात सगळी वाढ खाली मुळात होत असते. मग पहिली खरी पाने येतात आणि झुडपाची ओळख पटू लागते.

हाच काळ सर्वांत धोक्याचा. संध्याकाळी टवटवीत असलेली रोपे सकाळी देठाशी काळी पडून आडवी झालेली दिसली, तर ते कोलमडणे आहे. ती जमिनीतली बुरशी असते आणि दाटी, कोंदट हवा व जास्त ओल यांवर ती पोसते. आडवी झालेली रोपे वाचत नाहीत. चमच्याने ती जागा भोवतालच्या मातीसह खरवडून काढावी, झाकण पूर्ण काढावे आणि दोन दिवस पाणी देऊ नये. एरवीही बहुतेक बी उगवल्यावर झाकण आठवडाभरात रोज थोडे-थोडे सरकवत काढून टाकावे.

चार ते सहा खरी पाने झाली, म्हणजे पेरणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी, रोपे वेगळी करावीत. दात कोरायच्या काडीने मुळाखालची माती उकरावी आणि रोप पानाला धरून उचलावे, देठाला कधीही धरू नये. पान मोडले तर दुसरे येते, देठ चेपला तर रोप गेले. सुटे करणे जमत नसेल तर तीन-चार रोपांचा पुंजका मातीसह उचलून तसाच लावावा आणि पुढे त्यातले सशक्त ठेवावे. लावण्यासाठी कागदी किंवा प्लास्टिकचे पेले चालतात, मिश्रण तेच, फक्त खताचा भाग थोडा वाढवलेला. पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश सारख्या प्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम या प्रमाणात दहा-बारा दिवसांच्या अंतराने द्यावे. त्याहून अधिक देऊ नये. दिवाळीच्या सुमारास रोपे चार बाय सहाच्या काळ्या पिशवीत आणि पुढच्या जूनमध्ये कुंडीत जातात.

हंगामाबद्दल थोडे. मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, ताजे बी हाती असतानाच पेरणे मी पसंत करतो, पण छपराखाली, कारण वळवाचा एक शिडकावासुद्धा उघडा डबा धुऊन काढतो. तेव्हा जमले नाही तर बी कागदी पुडीत बांधून, भाजून गार केलेले मूठभर तांदूळ घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि फेब्रुवारीअखेर पेरावे. त्याआधी ओल्या टीपकागदावर पन्नास दाणे मोजून ठेवले तर किती उगवतात ते कळते आणि पुढचे श्रम वाचतात.

आता गच्चीचा विचार. धायटी मुळात मुरमाड, निचऱ्याच्या उतारावरची आहे, आणि सांगली-मिरजेत वर्षाकाठी पडणारा ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस किंवा उन्हाळ्यातला चाळीस अंशांचा पारा तिला नवा नाही. ती मरते ते काळ्या मातीत. नदीकाठची काळी माती शेतात सोने असेल, पण कुंडीत ती पावसाळ्यात चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. बारा ते चौदा इंचांची कुंडी घ्यावी, तिला तळाला निदान चार भोके असावीत, आणि निम्म्याहून अधिक मुरूम व विटांचे तुकडे असलेले मिश्रण भरावे. दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवेच; सावलीत ती पानांची लांबलचक वेल झाल्यासारखी वाढते. कुंडी तापलेल्या फरशीवर थेट न ठेवता दोन विटांवर ठेवावी. पिठ्या ढेकूण ही पांढरी, रस शोषणारी कीड कधीतरी येते. लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण घालून फवारले की आटोक्यात राहते.

रोप दुसऱ्या वर्षी कमरेएवढे होते आणि पहिली फुले दुसऱ्या किंवा तिसऱ्या हिवाळ्याअखेर येतात. इथे एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती वेगळी सांगायला हवी. धायटीला फुले येतात ती आधीच्या मोसमात वाढलेल्या फांद्यांवर. दिवाळीच्या साफसफाईत माळी सगळ्याच कुंड्यांवर कात्री चालवतो, त्यात हीही सापडते, आणि मग फेब्रुवारीत नुसती पालवी पाहत बसावे लागते. छाटणी एकदाच, फुले संपल्यावर आणि बी काढून झाल्यावर, म्हणजे मेअखेरीस करावी. तेव्हा मात्र हात आखडू नये. जमिनीपासून फूट-दीड फूट ठेवून बाकीचे कापले तरी ती जोमाने फुटते, कारण डोंगरावरचे वणवे सोसून पुन्हा बुडख्यातून फुटण्याची तिला सवय आहे. डिसेंबरपासून पाणी निम्म्यावर आणावे आणि खत पूर्ण थांबवावे. बरीच पाने पिवळी होऊन गळतील, झाड रोगट दिसेल, शेजारी सल्ले देतील. त्या वेळी दया येऊन पाणी वाढवू नये. उघड्या पडलेल्या फांद्यांवर पेरापेरांतून झुबके फुटतात, आणि पाने मधे नसली की ती तांबडी नळी गच्चीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसते.

आपण मे महिन्याच्या शेवटी लिहीत आहात, म्हणजे वेळ अजून गेलेली नाही. वळीव जोराचे झाले नसतील तर यवतेश्वराच्या उतारांवर काही बोंडे शिल्लक असतील. येत्या रविवारी सकाळी लवकर निघालात तर मूठभर मिळतील. आणि ती जुनी कुंडीही ओतून देऊ नका. तिची वरची इंचभर माती सुकवून, चुरून, वर सांगितल्याप्रमाणे तयार केलेल्या डब्यावर कागदाच्या जाडीइतकी पसरा आणि खालून पाणी द्या. आशा थोडी आहे, पण खर्च काहीच नाही. या मातीला उकळते पाणी दाखवलेले नसल्यामुळे गवत येईलच, आणि ते रोजच्या रोज काढावे लागेल. गवताचे पहिले पान एकेरी, सुईसारखे उभे असते. समोरासमोर दोन गोल ठिपके दिसले, तर ते तेवढे उपटू नका.